एकच दरपत्रक

अमरावती,
दि. ४ जून २०२५

ती. मामांस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसाल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोललो की इकडे आमचं ऑफिस अन् तिकडे सगळं जठारपेठ ऐकते. ही गोष्ट दोघांतच राहण्यासारखी आहे. मामीला वाचून दाखवू नका.

तुमच्या शब्दावर लागलेली नोकरी सहा महिने टिकली आहे. ज्या आरोपीजवळ वकिलाला द्यायला पैसा नाही, त्याला आमचं ऑफिस सरकारी खर्चाने वकील देते, हे अकोल्याच्या कोर्टात चौतीस वर्षं नाझर राहिलेल्या माणसाला मी काय सांगू. तिथला सगळा पैसा तुमच्या हातून जायचा. इथे खर्चाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. साध्या केसला फारसं काही लागत नाही. मोठ्या केसला हजारो पानांच्या झेरॉक्सा, तज्ज्ञाची फी, गाडीभाडं, सगळं लागते. तो प्रस्ताव मी तपासतो, मग समितीच्या बैठकीत ठेवतो. बैठक महिन्यातून एकदाच. ती हुकली की महिना गेला.

प्रणाली आठवते ना? तुमच्याच मागच्या गल्लीतली. लॉ कॉलेजात माझ्या बाजूला बसायची. तिचं नाव फळ्यावर लिहिणाऱ्या पोराच्या कानाखाली मी वाजवली, माफी मागायला नाही म्हटलं, अन् तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. तिने पूर्ण केलं. आता ती याच ऑफिसात वकील आहे अन् मी कारकून. कोर्टातून आली की आधी माझ्या टेबलाशी थांबते. म्हणजे थांबायची.

तिच्याकडे एक खुनाची केस आली आहे. आरोपी गोपाल, बार्शीटाकळीचा. पिकअपमध्ये झेंडू भरून इथल्या मंडीत आणायचा. मंडीपासून कोसभर दूर एका फळव्यापाऱ्याचा पहाटे खून झाला, अन् पोलिसांचं म्हणणं की गोपालचा मोबाइल तिथल्याच टॉवरवर होता. दोन हजार तीनशे पानांचं दोषारोपपत्र. प्रणाली म्हणते की मंडीसुद्धा त्याच टॉवरखाली येते, पण हे कोर्टात उलगडायला टॉवरचे कागद वाचता येणारा माणूस पाहिजे.

तो माणूस सापडला आहे. नागपूरचा अमोल. तिशीच्या आतला, पांढरा शर्ट, तपकिरी बूट, हसला की एकाच गालाला खळी पडते. नव्वद हजार मागते. तज्ज्ञांसाठी आमच्याकडे पूर्ण वर्षाचे अडीच लाख आहेत. एकाच केसमध्ये एवढे गेले तर बाकीच्या कैद्यांनी काय करायचं, तुम्हीच सांगा. मले त्याच्याशी काही घेणं नाही. मी फक्त पैशाचं बोलून राहिलो. पहिल्या दिवशी ती त्याला अमोल सर म्हणे. तिसऱ्या दिवशी नुसतं अमोल.

उत्तर लवकर टाका. मामीच्या हातच्या ठेच्याची आठवण येते. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
शेखर

*

जठारपेठ, अकोला,
दि. ९ जून २०२५

चि. शेखर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. मामीला वाचून दाखवले नाही, तिने स्वतःच वाचले. तिचे म्हणणे, पोरगा वाळला असेल. माझे म्हणणे वेगळे आहे.

तुझे पत्र मी दोनदा तपासले, जशी बिले तपासायचो तशी. अमोलच्या बुटाचा रंग त्यात आहे. गोपालचे वय नाही. तो किती दिवस आत आहे ते नाही. घरी कोण आहे ते नाही. ज्याच्यासाठी पैसा मागायचा त्याच्याबद्दल एवढे कमी अन् ज्याला द्यायचा त्याच्या गालाच्या खळीपर्यंत सगळे, असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी परत केला असता.

आता कामाचे. नव्वद हजार हा आकडा एकदम पुढे ठेवशील तर समिती बिचकेल, आणि तिचे बिचकणे चूक नाही. बाकीच्या कैद्यांची काळजी खरी आहे, तुझ्या तोंडून आली तरी. म्हणून टप्पे पाड. आधी कागद वाचून अहवाल, त्याची फी. अहवालात दम निघाला तर पोलिस अधिकाऱ्याच्या उलटतपासणीला एक दिवस हजेरी, त्याची वेगळी फी. पुढचे पुढे. आणि तज्ज्ञ एकच मिळत असेल तर वकिलाकडून तसे लेखी घे. मग तीन दरपत्रकांची अट आड येत नाही. मोठ्या केसचा खर्च असाच हाकावा लागतो, एका दमात नाही.

प्रणाली गुणी मुलगी आहे. दिवाळीत भेटली तेव्हा तुझी चौकशी केली होती. ते तू डोक्यात घेशील म्हणून तेव्हा सांगितले नाही. आताही घेऊ नकोस.

मामी ठेचा पाठवते आहे, डब्याचे झाकण घट्ट आहे. जपून राहा. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच रागावतो, हे ध्यानात असू दे.

तुझा मामा,
खुशालराव

*

अमरावती,
दि. २१ जून २०२५

ती. मामांस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

ठेचा पोचला. दोन दिवसांत संपला.

तुम्ही रागावणार आहात, म्हणून आधीच सांगून टाकतो. काल बैठक झाली. गोपालची फाईल तिच्यात गेली नाही. मी त्रुटीची चिठ्ठी लावली: दरपत्रक एकच जोडले आहे, तीन पाहिजेत. त्याच्यावर माझी सही, तारीख, सगळं नियमात. नियम मी बनवला काय?

प्रणाली टेबलापाशी आली. दहा दिवसांनी पहिल्यांदा आली, ते पण भांडायला. तिचं म्हणणं, पुण्यात विचारलं, मुंबईत विचारलं. एक पोलिसांचंच काम करते, दुसरा दोन लाख सांगते. तसं लिहून देऊ का म्हणाली. मी म्हटलं, लिहून देऊन चालत नाही. मामा, तुमचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. तुम्ही काय लिहिलं ते मले पाठ होतं. तरी तोंडातून तेच निघालं.

काहून निघालं ते सांगतो. गुरुवारी तो आला होता. दोघं कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये कागद पसरून बसले. दीड तास. मी तीनदा त्या बाजूने गेलो, पाण्याची बाटली भरायला. तिसऱ्या खेपेला बाटली भरलेलीच होती. तिने त्याच्या बशीतला समोसा अर्धा तोडून घेतला, न विचारता. कॉलेजात ती माझ्या डब्याला विचारल्याशिवाय कधी हात लावत नव्हती. मी तेव्हा त्याला संस्कार समजत होतो.

आता पुढची बैठक १८ जुलैला. पोलिस अधिकाऱ्याची उलटतपासणी १५ जुलैला. प्रणाली म्हणते की तज्ज्ञ नसताना तो अधिकारी उभा राहिला अन् बोलून गेला, तर गोपालची केस तिथेच बसली. मी म्हटलं, तारीख वाढवून घे. ती म्हणाली, न्यायाधीश मागच्याच तारखेला शेवटची संधी लिहून बसले आहेत. मग आपले कागद गोळा करून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गोपालचं वय तुम्ही विचारलं होतं. सव्वीस. माझ्याहून एक वर्षाने मोठा. चौदा महिने आत आहे.

मी नियम सोडून काही केलं नाही, एवढं तुम्ही लिहून पाठवा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचा,
शेखर

*

जठारपेठ, अकोला,
दि. २६ जून २०२५

शेखर,
आशीर्वाद.

तुला जे लिहून पाहिजे ते मी लिहिणार नाही.

पत्र वाचून मी बार्शीटाकळीला गेलो. ऑटोने, मामीचा विरोध मोडून. गोपालचे घर सापडायला वेळ लागला नाही, फुलवाल्यांच्या ओळीत शेवटचे. आई एकटी आहे, मनकर्णाबाई. झेंडूच्या माळा ओवत होती. मी कोण ते सांगितले नाही, कोर्टातला जुना माणूस एवढेच सांगितले. कान गेल्याने मला तिच्या तोंडाजवळ बसावे लागले, त्यामुळे तिने सांगितलेले एकही अक्षर सुटले नाही.

तिने तुझे नाव घेतले. अमरावतीच्या हापिसात शेखर नावाचं एक पोरगं हाय म्हणे, लय चांगलं बोलते. दर तारखेच्या आदल्या दिवशी आपणहून फोन करते, कोणत्या गाडीने निघायचं, कोणत्या गेटाशी उभं राहायचं, समदं सांगते. मांगच्या बारीले माहं जेवण राहिलं तं त्यानं आपला डबा देल्ला. आपला गोपाल त्या पोराच्या हातात हाय, असे ती मला सांगत होती. मग विचारले, त्याचं लगन झालं काय. मी नाही म्हटले. तर म्हणाली, गोपाल सुटला का त्या पोराच्या मांडवाची फुलं आमच्याकडून, रुपया घेनार नाई.

मी चहा घेतला आणि उठलो. तिला तुझ्या चिठ्ठीबद्दल सांगणे मला जमले नाही.

शेखर, मत्सर वाटणे हा गुन्हा नव्हे. मला पण वाटला आहे, तुझ्या मामीला विचार. पण तो फायलीवर सही करून चढवायचा नसतो. सरकारी पैसा अडवायला नियम नेहमीच सापडतो. चौतीस वर्षांत मला एकदाही नियम कमी पडला नाही.

अजून वाट आहे. निकड असेल तर बैठकीची वाट न पाहता प्रस्ताव एकेका सदस्याकडे फिरवून सह्या घेता येतात. पण कागद का अडला होता, हे त्याच फायलीवर लिहावे लागेल, आणि ते ज्याने अडवला त्यानेच लिहायचे असते.

नोकरी जाईल, हे धरून चाल. माझा शब्द खाली पडेल, त्याची चिंता करू नकोस. घर उघडे आहे.

खुशालराव

*

अमरावती,
दि. २ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र टाकलं नाही. आधी सगळं पार पडू द्यायचं होतं.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी फाईल काढली. चिठ्ठी फाडली नाही, तिच्या खालीच लिहिलं: सदर त्रुटी काढण्याचे कारण नव्हते. एकच तज्ज्ञ उपलब्ध असल्याचे वकिलांनी तोंडी कळवले होते व नियमातील सवलत मला माहीत होती. विलंबाचे कारण व्यक्तिगत आहे. सही केली अन् आमचे मुख्य वकील सहदेव साहेब यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढून वाचली, लावून वाचली. फाईल अडली तेव्हा मले वाटलं होतं तू आळशी असशील, एवढंच ते म्हणाले. मग फाईल प्रणालीकडे पाठवली, कारण खाली तिची पण सही लागत होती.

तिने माझ्यासमोरच वाचली. व्यक्तिगत या शब्दावर बोट थांबलं. मान वर केली नाही. सही केली, फाईलची नाडी बांधली, माझ्या टेबलावर ठेवली. मामा, एवढ्या वर्षांत मी तिला जे सांगितलं नाही ते शेवटी सरकारी कागदावर सांगितलं, ते पण खुलासा म्हणून.

तुम्ही सांगितले तसे टप्पे पाडले. अहवालाचे पंचवीस हजार, कोर्टातल्या एका दिवसाचे दहा हजार, प्रवास वेगळा. मी मोटरसायकलवर फिरून सगळ्यांच्या सह्या आणल्या. बाकीचे पैसे बाकीच्या कैद्यांसाठी तसेच राहिले.

१५ तारखेला अमोलला बडनेरा स्टेशनहून आणायचं काम माझ्याचकडे आलं. मागे बसून तो सगळा रस्ता प्रणालीच्या हुशारीचं सांगत होता. मी प्रत्येक खड्डा नेम धरून घेतला. कोर्टात तो तिच्या मागच्या बाकावर बसला अन् चिठ्ठ्या पुढे सरकवत राहिला. मी दारातून पाहिलं. चौथ्या चिठ्ठीवर पोलिस अधिकारी कबूल झाला की मंडी अन् खुनाची जागा एकाच टॉवरच्या हद्दीत येतात, अन् गोपाल त्यातल्या नेमक्या कोणत्या जागी होता हे त्या कागदावरून सांगता येत नाही. मनकर्णाबाईला आतलं काही समजलं नाही. तिने माझा हात धरून ठेवला होता, मी कुठे जाईन म्हणून.

केस अजून चालू आहे, पण २९ जुलैला गोपालला जामीन झाला. परवा तो ऑफिसात आला होता. पोतंभर झेंडू घेऊन आला. सहदेव साहेबांनी आम्ही काही घेत नाही म्हणून परत केला. माझा करार सप्टेंबरअखेर संपतो, पुढे वाढणार नाही, तसं पत्र मिळालं आहे. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला परत बसता येते काय याची चौकशी करून आलो. जुन्या प्रकरणाची माफी लिहून मागतात. ह्या वेळी दिली. हात बसला आहे आता.

एक गोष्ट राहिली. काल अमोलचं प्रवासाचं बिल तपासायला आलं. येण्याचं तिकीट नागपूर ते बडनेरा, १५ जुलै, बरोबर. जाण्याचं भाडं त्याने बडनेरा ते नागपूर लावलं, पण जोडलेलं तिकीट १७ तारखेचं आहे, अन् अकोल्याहून काढलेलं आहे. जास्तीचं भाडं त्याने स्वतःच मागितलं नाही. त्या दोन दिवसांत प्रणाली पण रजेवर होती, तिचा अर्ज माझ्याच फाईलमध्ये आहे. तुमच्या मागच्या गल्लीत तपकिरी बूट दिसले असतील तर मामीने मला कळवलं नाही, ही तिची मेहरबानी.

मी ते तिकीट बराच वेळ हातात धरून होतो. तारीख जुळत नाही म्हणून त्रुटी काढता आली असती, नियमात. बिल मंजुरीसाठी पुढे पाठवलं.

बार्शीटाकळीकडे जाणं झालं तर मनकर्णाबाईला एवढं सांगा, की फुलं लागतील, पण रुपया न घेता द्यायची नाहीत. मांडव जठारपेठेतला राहील, माझा नाही. सांगताना माझं नाव घेतलं तरी चालेल.

ऑक्टोबरात तिकडे येतो. कोपऱ्यातली खोली मोकळी ठेवा, अन् तुमचा लोभ आजवर जसा अंगावर पांघरला तसाच राहू द्या.

तुमचा,
शेखर