धुळ्याचा डेक फास्ट आहे

२ जानेवारी १९९४, रविवार
नवं वर्ष, नवी डायरी. रोज लिहायचं. वादात आवाज चढवायचा नाही. आणि वर्ष संपायच्या आत अख्ख्या जळगावला पटवून द्यायचं की जगातला सर्वांत थोर रॉक बँड एकच, बीटल्स. बाकी सगळे पाणी कम.

आजची बैठक जोरदार. दर रविवारी माझ्याकडेच असते, कारण सगळ्यांत मोठा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) माझ्याकडे आहे. अभिमन (ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, क्वीन बँडचा भक्त) क्वीन-क्वीन करत बसला. मी तीन तास एकच मुद्दा लावून धरला : बीटल्सच्या आवाजात जी खोली आहे ती कोणात आहे दाखव. संथ, गंभीर. विहिरीच्या तळाशी बसून गावं तसं गातात. जगाचं दुःख चौघांनी उरावर घेतलंय. अभिमन म्हणाला, मला तर चौघं टायफॉइडमधून उठलेले वाटतात. अडाणी माणूस. आवाज चढवावा लागला.

लिलाने चहा चार वेळा केला, पण कप आदळून.

३ जानेवारी, सोमवार
लिला सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली, माहेरी. काल बोदवडला तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता म्हणे, आणि मी नेणार होतो म्हणे. विसरलो, मान्य. पण तिने बैठकीत येऊन आठवण करून द्यायला काय हरकत होती? म्हणते, तीनदा आले, तुम्ही दर वेळी हात वर करून थांबवलं. असेल. मुद्दा ऐन रंगात होता.

दारातून म्हणाली, त्या चार बाप्यांवर तुम्हाला तीन तास बोलता येतं, माझ्याशी तीन वाक्यं सुचत नाहीत. याला उत्तर होतं माझ्याकडे. सुचेपर्यंत रिक्षा गेली.

चार दिवसांत येईल. माहेरची ओढ असतेच बायकांना.

८ जानेवारी, शनिवार
आली नाही. भाकरी जमत नाही, थापता थापता नकाशा होतो. आज शेव आणि पाव.

संध्याकाळी टेप लावला. जरा बरं वाटलं. शेजारच्या पुष्पाबाई दारात येऊन हळू आवाजात विचारतात, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, बाई, हे इंग्रजी संगीत आहे. तर म्हणाल्या, मग लिला कधी येणार? या दोन गोष्टींचा काय संबंध?

१२ जानेवारी, बुधवार
पंचेचाळीस मिनिटांची बाजू आपल्या टेपवर चांगली पन्नास-बावन्न मिनिटं चालते. पैसे वसूल. लिलाला याचंही कौतुक नव्हतं. दिवाळीत तिने भजनाची कॅसेट लावली तर गाणारी बाई बाप्यासारखी वाजली. लिला म्हणाली, टेप सुस्त झालाय, दाखवा कोणाला तरी. मी म्हटलं, वयानुसार आवाज पिकतो. तो विषय तिथेच संपवला.

रात्री झोप नाही. इतके दिवस कधी राहत नाही ती.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
तिळगूळ ऑफिसात मिळाला तेवढाच. हेडक्लार्क चुडामणचं (लिलाचा धाकटा भाऊ, धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट) नाव घेऊन ओरडले, तुझ्या मेहुण्याचा फोन. चुडामण म्हणाला, दाजी, रविवारी या ना, अक्का काही बोलत नाही पण आबा-आई काळजीत आहेत. मी येतो म्हणालो. मग सहज बोलण्यात निघालं की त्याने नवा कॅसेट डेक घेतलाय आणि त्याच्या मते लेड झेपलिनपुढे बीटल्स म्हणजे बालवाडी.

बालवाडी! भर ऑफिसात आवाज चढवावा लागला. तो म्हणाला, मग कॅसेट घेऊनच या.

१५ जानेवारी, शनिवार
रात्रभर विचार केला. संधी चालून आली आहे. लिलाचं म्हणणं काय, तर नवरा रिकामटेकडा वाद घालतो. उद्या तिच्याच घरात, तिच्याच आईबापांसमोर, तिच्याच भावाला मी मुद्देसूद हरवलं, तर तिला कळेल की हा वाद रिकामटेकडा नाही. आपोआप येईल. तिला चल म्हणायचीसुद्धा गरज पडणार नाही.

पण उद्या नको. तयारी अपुरी आहे. चुडामणला कळवलं, पुढच्या रविवारी येतो. तो म्हणाला, अक्का वाट बघत होती. बघू दे, तयारीनिशी आलेला बरा.

२१ जानेवारी, शुक्रवार
अकरा मुद्दे काढले. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले. अभिमन म्हणतो, वहिनींना काय बोलणार ते ठरवलंस का? म्हटलं, तेच तर ठरवतोय. अकरा मुद्दे दाखवले. त्याने कपाळाला हात लावला. क्वीनवाल्यांना पोटदुखी होणारच.

 

२३ जानेवारी, रविवार. रात्री, जळगाव
सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट राहील.

अकराला पोचलो. सासूबाईंनी मांडे केले होते. लिलाने पाणी दिलं. वाळलेली वाटली. हिरवी साडी, मी घेतलेली. माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, चुडामण कुठंय?

पहिले पाच मुद्दे मी जेवणाआधीच मांडले. आवाजाची खोली, संथपणा, गांभीर्य. चुडामण तोंडात माशी जाईल असा बघत राहिला. म्हणाला, दाजी, आपण एकाच बँडबद्दल बोलतोय ना? सासूबाई आतून हाका मारत होत्या, जवाईबुवा, जेवी ल्या, बठ्ठं थंडं व्हई ऱ्हायनं. म्हटलं, आधी निकाल. कॅसेट त्याच्या हातात दिली.

लावली. आणि डेकमधून चार पोरं उड्या मारत बाहेर आली!

गाणं तेच. पण टणाटण! आवाज कोवळे, ताल वरातीसारखा. आबा आरामखुर्चीत पाय हलवायला लागले. म्हणाले, हाऊ गानारा चांगला शे, जवाईबुवा. आणि लिला हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर म्हणते, अहो, मी सांगत नव्हते का टेप सुस्त झालाय म्हणून!

मी शांतपणे सांगितलं की तुमचा डेक फास्ट आहे. चुडामण म्हणाला, नवाकोरा आहे. नवा आहे म्हणूनच फास्ट आहे, मी म्हटलं. तर पठ्ठ्या उठला आणि कपाटातून आमच्या लग्नाची कॅसेट घेऊन आला. म्हणाला, दाजी, ह्यात तुमचा आवाज आहे, तो तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे ना?

लावली. सनई, कलकलाट, कोणी तरी ओरडतंय, नाव घ्या, नाव घ्या. मग एक किरटा माणूस उखाणा घेतो : ‘केळीच्या बागेत पाटाचं पाणी, लिला माझ्या घरची राणी.’ शिट्ट्या. मग लिलाचं हसणं.

मी म्हटलं, बघा! माझा आवाज इतका किरटा आहे का? आबा दुसरीकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, अश्शाच शे. आमच्याकडे हिची कॉपी लावली की मी भारदस्त वाजतो. आपला टेपच बरोबर, हे याहून स्पष्ट कसं सिद्ध करायचं?

लिला हसायची थांबली होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, आठवतं का? मी म्हटलं, आठवतं ना, तेव्हा आवाज नक्कीच जाड होता.

उरलेले सहा मुद्दे मांडले. कोणी ऐकलं नाही. चुडामण हसू दाबत होता, आणि जावयाला हसणाऱ्या घरात मी थांबत नाही. मांडे दोन घास खाल्ले आणि चारला निघालो. लिला दारात आली, हातात मोठी कापडी पिशवी. मांडे बांधून दिले असतील. म्हटलं, राहू दे, वजन होतं. तिने पिशवी खाली ठेवली. सासूबाई काही म्हणणार होत्या, तेवढ्यात मी पारोळ्यावरून जळगावला जाणारी एसटी गाठायला पळालो.

वाद माझ्या बाजूने अनिर्णित.

२४ जानेवारी, सोमवार
खात्री करायला कॅसेट अभिमनच्या टेपवर लावली. त्याचाही फास्ट आहे. नशिराबादच्या त्याच्या साडूचाही फास्ट आहे. आजकालची मशिनंच तसली काढतात.

मग जाणवलं की धुळ्याला मी लिलाला घ्यायला गेलो होतो.

२५ जानेवारी, मंगळवार
ऑफिसात चुडामणचा फोन. या वेळी हसत नव्हता. म्हणाला, दाजी, त्या पिशवीत अक्काच्या साड्या होत्या. सकाळी सातपासून भरून बसली होती. तुम्ही नुसतं चल म्हटलं असतं तरी चप्पल घातली असती तिने. तुम्ही म्हणालात, वजन होतं.

मी काय बोललो आठवत नाही. हेडक्लार्क फाईल वाचायचं सोंग करत होते.

उद्या सुट्टी आहे. दहाला तिच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचं ठरलं, ती येऊन बसेल. एकच शब्द बोलायचा. चल. किंवा, मी येतो, चल. बँडचं नाव काढायचं नाही, टेपचं नाही, डेकचं तर नाहीच. ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला लिला घरी पाहिजे. घर खायला उठलंय. रडू आलं भांडी घासताना.

२६ जानेवारी, बुधवार
झेंडावंदन करून थेट एसटीडी बूथ. रस्ताभर चल, चल म्हणत गेलो. एक पोलीस वळून बघत होता.

लिला लगेच आली फोनवर. म्हणजे तिथेच बसून होती. म्हणाली, बोला. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. तीच म्हणाली, जेवता का वेळेवर? मी म्हटलं, जेवतो. शब्द अगदी ओठावर होता. मग म्हणाली, अजून काही?

मी म्हटलं, अभिमनचाही फास्ट आहे.

कट् झालं. मी बूथवाल्याला म्हटलं, धुळ्याची लाईन तुटली, परत लाव. तो म्हणाला, लाईन चांगली आहे साहेब, समोरच्यांनी ठेवला. लावतो, पण काय बोलायचं ते आधी ठरवून घ्या, मागे लोक उभे आहेत.

बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो. बारा वाजले तरी ठरलं नव्हतं.