लाल दिव्याखालचा रंग

प्रिय यी-च्येन,

तू वॉर्ड सोडून माहेरी तैतुंगला गेलीस त्याला आठ महिने झाले. तुझ्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण माझ्यावर खेकसत नाही, त्यामुळे करमत नाही.

चिन-मू ट्रकवाला आठवतो ना? वीस वर्षं सुपारी चघळून गालाचा कॅन्सर ओढवून घेतलेला. मांडीचं मांस शिरांसकट काढून गालाला जोडणार म्हटल्यावर म्हणाला होता, "डॉक्टर, बायको आता मुका घेईल तो मांडीचा की हो!" आणि त्याची बायको आ-श्यू त्याला म्हणाली होती, "गप बसा, आधी जगा तर."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दुपारी जोडलेल्या शिरेत रक्त गोठलं. तुझ्या तक्त्यात दर तासाला जोडलेल्या तुकड्याचा रंग ‘गुलाबी’ लिहिलेला, आणि मी दिवा विझवून बघितलं तर तो तुकडा वांग्यासारखा जांभळा. उबेसाठी लावलेल्या लाल दिव्याखाली मेलेलं मांसही गुलाबी दिसतं. मी शिरेचा सांधा उसवून गुठळी काढली, साचलेलं रक्त शोषायला जळवा लावल्या, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या मांडीचा तुकडाही गेला. आधीच्या रेडिएशनच्या किरणांनी जळलेल्या मानेत जोडायला धड शीर उरली नव्हती. शेवटी छातीचं मांस वळवून भोक कसंबसं बुजवलं. त्यानंतर त्याच्या तोंडात घास गेला नाही, सगळं नळीनेच. पाटीवर लिहून तो तुझी चौकशी करायचा. मी म्हणायचो, रजेवर आहे.

परवा तो गेला. काल आ-श्यू पेरूंची पिशवी घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही जिवाचं रान केलंत. त्या नर्सनंच घात केला, तिचं कधी भलं होणार नाही." मी पिशवी घेतली.

शीर गोठली त्या दुपारी तू दोनदा म्हणालीस, "डॉक्टर, दिवा घालवून बघू द्या, रंग नीट कळत नाही." मी म्हणालो, "चौदा वर्षं झाली तरी रंग कळत नाही? दिव्याला हात लावायचा नाही." आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर फक्त तुझा तक्ता वाचून दाखवला. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. खाली माझी सही आणि शिक्का आहे. हा कागद परिचारिका मंडळाला दाखव, आ-श्यूला दाखव. मी स्वतः जाऊन सांगेन असं वाटत नाही. तेवढी हिंमत माझ्यात नाही, हे मला काल कळलं.

तुझाच अपराधी,
वेन-लुंग