मामांनी अडवलेल्या आठ जागा

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (रागातला, पण पूर्ण वाकून). तुमचे गुडघे बरे असतील असे धरून चालते, कारण आज मी भांडायला बसले आहे आणि आजारी माणसाशी भांडू नये, असे आईने शिकवले आहे.

महिनाभर ऑफिसातून आल्यावर डोळे फोडून मी तो प्रश्नमंजुषेचा खेळ तयार केला. (सगळ्यांनी आपापल्या फोनवरून एकाच वेळी खेळायचे; जागा बारा, प्रश्न दहा.) कशासाठी? तर तुमचा आणि आईचा तीन वर्षांचा अबोला सुटावा म्हणून! समोरासमोर बसत नाही, निदान एका खेळात तरी बसाल. आईच्या हातापाया पडून नववा प्रश्न तिच्याकडून लिहून घेतला.

आणि तुम्ही काय केलेत? पहिल्याच प्रश्नाला, उत्तर शोधायला म्हणून खेळातून बाहेर पडलात. (निवृत्त मुख्याध्यापक! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या!) परत आलात तेव्हा खेळाने तुम्हाला नवा खेळाडू समजून नवी जागा दिली आणि जुनी तशीच ठेवली. ही चूक माझी, मान्य. पण सात प्रश्नांत सातदा? मामा एक, मामा दोन करत थेट मामा आठ! आम्ही चौघे, तुम्ही आठ, खेळ भरला. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात रुसून बसलेली आई हात पुसत बाहेर आली. तिने फोन उघडला, तर ‘जागा शिल्लक नाही’. तिच्याकडे बघवेना मला. तळपायाची आग मस्तकाला गेली.

वर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन! माफी मागायला नव्हे. परत येईपर्यंत वेळ संपायची, त्यामुळे सात मामांना शून्य आणि निकालात शेवटचे सात क्रमांक तुमचेच, म्हणून, “ती नावं पुसून टाक, चारचौघांत शोभत नाही.” चोर तो चोर, वर शिरजोर! पुसणार नाही. छापून भिंतीवर लावणार आहे.

तुमची संतापलेली भाची

ता. क. नवव्या प्रश्नाला मात्र तुम्ही बाहेर गेला नाहीत. ‘माझ्या बक्षिसाच्या चित्रावर शाई कोणी सांडली?’ पर्याय: वारा, मांजर, दादा. पन्नास वर्षे तुम्ही मांजराचे नाव घेत आलात. परवा दोन सेकंदांत ‘दादा’ दाबलेत. आई माझ्या मागे उभी राहून बघत होती.

आणखी एक. आईचा निरोप, जसाच्या तसा: “रविवारी जेवायला ये म्हणावं. पण त्या आठव्यालाच पाठव. बाकीच्या सातांशी माझा अबोला आहे.”