भूखंड क्र. १७ मधील तणाचे पाच डबे व त्यावरून झालेला पंचनामा

प्रति,
मा. परसबाग वाटप अधिकारी,
नागरी परसबाग योजना कार्यालय,
सोलापूर.

विषय : भूखंड क्र. १७ तणग्रस्त ठरवून काढून घेतल्याबाबत फेरपाहणी होणे व तोपर्यंत खुरपणीची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा दि. २४ जुलै २०२५ चा पंचनामा.
२) आपल्या कार्यालयाचा दि. १ ऑगस्ट २०२५ चा आदेश.

महोदय,

अर्जदार हरिबा बिरदेव कोळेकर, वय ७१, मूळ राहणार तालुका सांगोला, सध्या सोलापूर. अर्जदार वयाच्या बासष्टाव्या वर्षी अंगणवाडीच्या रुपालीताईंकडे अक्षरे शिकला. अर्जात 'मी, मी' करू नये, 'अर्जदार' लिहावे, असे त्यांनीच सांगितले आहे. मजकूर अर्जदाराचा स्वतःचा आहे.

१) भूखंड क्र. १७ अर्जदारास फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाला. त्याआधी आठ वर्षे तो कोणी घेत नव्हता. विटांचे तुकडे, फाटक्या चपला आणि कमरेएवढे गाजर गवत, अशी त्याची अवस्था होती. गाजर गवत दिसायला भीती घालते, पण ते सोपे. फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले की संपले. खरे दुखणे खाली होते. काळ्या रानात कुंदा शिरला की मूळ दोन हात खाली जाते, वरून कितीही कापा, त्याला काही वाटत नाही. हराळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते. लव्हाळा उपटला की पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहून आपल्याला हसते. अर्जदाराने दोन उन्हाळे पहार आणि कुदळ घेऊन सगळा भूखंड खणला, ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापत ठेवली आणि मुळे हाताने वेचून काढली. मशीन लावले नाही, कारण मशीनने मुळाचे दहा तुकडे होतात आणि दहाही उगवतात. तिसऱ्या वर्षी तिथे मेथी, अंबाडी, घेवडा आणि तांदुळजा आला.

२) शेजारचा भूखंड क्र. १६ श्री. रेवणप्पा यांचा. त्यांचे कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. त्यांची आणि अर्जदाराची अकरा वर्षांची बैठक. एकदा त्यांनी तण म्हणून स्वतःचीच कोथिंबीर उपटली आणि लव्हाळ्याला पाणी घातले. तेव्हा ते म्हणाले, "येनप्पा हरिबा, तुला वळखू येतंय. आमाला समदं हिरवंच दिसतंय. येकेक तण डब्यात लावून ठेव की, वर नाव लिव. समद्यास्नी कळंल." तेलाचे पाच डबे त्यांनीच दुकानातून आणून दिले. मूळ बाहेर जाऊ नये म्हणून अर्जदाराने डब्यांना भोक पाडले नाही. कुंदा, हराळी, लव्हाळा, आघाडा आणि गाजर गवत असे पाच नमुने लावले व प्रत्येकावर स्वतःच्या हाताने पाटी लिहिली. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून त्याजवळ 'हात लावू नये' अशी सहावी पाटी लावली. डिसेंबरात आपल्या आधीचे साहेब येऊन डब्यांशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. तो फोटो आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लावलेला आहे.

३) जुलैमध्ये अर्जदाराची बहीण बजाबाई आजारी पडल्याने अर्जदार बारा दिवस गावी होता. जाताना भूखंडाकडे बघा, असे रेवणप्पांना सांगितले होते. ते म्हणाले, "बिनघोर जा. माजंच हाय असं समजून बघतो." त्याच बारा दिवसांत पाहणी झाली.

४) पंचनाम्यात लिहिले आहे : "सदर भूखंडावर खालील तणे आढळून आली. कुंदा, हराळी, लव्हाळा, आघाडा, गाजर गवत, हात लावू नये. एकूण सहा प्रकार." महोदय, 'हात लावू नये' नावाचे तण अर्जदाराने एकाहत्तर वर्षांत पाहिलेले नाही. पाहणी करणाऱ्यांनी खाली वाकून पाहिले नाही, पाट्यांवरचे शब्द तेवढे कागदावर उतरवून घेतले, एवढे यावरून दिसते. पुढे तांदुळजा "इतर रानगवत" म्हणून लिहिला आहे. ती भाजी आहे. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी त्याच भूखंडातून मेथीच्या दोन जुड्या नेल्या, म्हणजे मेथी त्यांना ओळखता आली, असे शेजारचे लोक सांगतात.

५) त्या पंचनाम्यावर पंच क्रमांक एक म्हणून रेवणप्पांची सही आहे. आदेशात असेही लिहिले आहे की भूखंड प्रतीक्षा यादीतील पुढील व्यक्तीस द्यावा. ती व्यक्ती म्हणजे रेवणप्पांचे चिरंजीव दिग्विजय.

अर्जदार दुकानात गेला. डबे तुमचे, पाट्या तुमच्या सांगण्यावरून, मग सही कशी केली, एवढेच विचारले. ते साखर जोखत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटीवर लिवलंय त्ये वाचून दावलं. त्यात खोटं काय सांगितलं?" अर्जदार म्हणाला, का लिहिले ते का नाही सांगितले? तर म्हणाले, "त्येनी इचारलंच न्हाय की." गिऱ्हाईक उभे होते. अर्जदार परत आला. त्या दिवसापासून मीठसुद्धा दुसऱ्या गल्लीतून आणतो.

अक्षर येत नव्हते तेव्हा अर्जदाराला पुष्कळांनी फसवले. पण तेव्हा निदान कागद दुसऱ्याने लिहिलेला असायचा. या वेळी अर्जदाराच्याच हाताचे लिहिलेले त्याच्यावर पुरावा म्हणून लागले आहे.

६) ताबा देण्यापूर्वी मशीनने मशागत करणार, असे आदेशात आहे. मशीन त्या डब्यांवरून गेले तर पत्रा फाटेल आणि कुंदा, हराळी, लव्हाळा भूखंडभर पसरेल. मग पंचनाम्यात लिहिलेले खरे होईल.

तरी विनंती अशी की, तण ओळखणारा माणूस पाठवून फेरपाहणी करावी. रेवणप्पांना पंच करू नये. मशीन थांबवावे.

आणखी एक विनंती. १ ऑगस्टपासून फाटकाला कुलूप आहे. अर्जदार रोज तारेबाहेरून बघतो. रेवणप्पांच्या बांधाकडून लव्हाळा आत आला आहे. पहिल्या दिवशी सात पाती होत्या, काल एकेचाळीस. पावसात तो थांबत नाही. निकाल केव्हाही द्या, कोणाच्याही बाजूने द्या. तोवर आठवड्यातून एक सकाळ अर्जदारास खुरपे घेऊन आत जाऊ द्यावे. भाजीचे पान तोडणार नाही. पाहिजे तर शिपाई उभा करावा. भूखंड दिग्विजयला गेला तरी रान स्वच्छ जावे. त्याचा काही राग रानावर काढायचा नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

हरिबा बिरदेव कोळेकर
(सही, अंगठा नव्हे)

सोलापूर, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) पंचनामा व आदेश यांच्या प्रती.
२) जिन्यातील फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो.
३) लव्हाळ्याच्या दोन गाठी, कागदाच्या पुडीत, साहेबांना ओळख पटावी म्हणून. तारेतून हात घालून काढल्या आहेत, परवानगी घेतलेली नाही. पुडी कुंडीजवळ ठेवू नये.