फुग्यांच्या खेळावरचा संशय

आई, तुझा तो फुगे फोडायचा खेळ अजून चालू आहे. आज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी तोच उघडला आणि मग माझाच मला राग आला. चौकटीत रंगीत फुगे गच्च भरलेले, एका रंगाचे दोन-चार शेजारी दिसले की टिचकी मारायची, ते फुटतात, वरचे खाली घसरतात. एवढंच. गोष्ट नाही, गाणं नाही, डाउनलोडची कटकट नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून लोक खेळत असतील, पण मी कुंभवलीजवळच्या औषधाच्या कंपनीत दुसऱ्यांचे कागद तपासते. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. तुला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी इतकी साधी वस्तू शिळी होत नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मध्ये ब्राउझर बदलले, जुने खेळ उघडेनासे झाले, तेव्हा मी सुटले म्हटलं. थोड्याच दिवसांत कोणीतरी तो जसाच्या तसा पुन्हा मांडला. शेजारच्या टेबलावरचे बिहारचे केमिस्ट फोनवर लढाईचे खेळ खेळतात आणि महिन्याला एक कंटाळून काढून टाकतात. माझ्या पडद्याकडे बघून ते म्हणाले, "मॅडम, इसमें है क्या?"

तुला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोंबील वाळत घालायच्या वलांडीपाशी घसरून तू पाय मोडून घेतलास आणि मी तुला किनाऱ्यावरून उचलून बोईसरला माझ्या घरी आणलं, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र नाही, नुसती कंपन्यांची धुराडी. रविवारी मीच तुला कम्प्युटरपुढे बसवलं. अजून दिसतेस मला. पाय स्टुलावर, माउस कोयत्यासारखा मुठीत धरलेला, आणि तू रंगांचे ढीग न्याहाळते आहेस, बाजारात मासळीचे वाटे लावताना न्याहाळायचीस तसे. मी पांढऱ्यावर बोट ठेवते तर माझा हात बाजूला करतेस. "पांढऱ्याला हात नाय लावायचा. चांगली मासली आमी नेहमीच्या गिऱ्हायकाला राखून ठेवतो." आणि खरंच, एक रंग राखून ठेवला की तो शेवटी एकगठ्ठा फुटतो आणि गुण सपाटून वाढतात. वर्षभर खेळून मला हे सुचलं नव्हतं. शेवटी एखादा फुगा एकटाच उरला की तू चिडायचीस. "येकटी उरली तर ती वाट्यावर वर टाकायची. ह्यात टाकताच नाय येत. ज्यानं केलाय तो चिकट हाय गो!" आणि हसायचीस. तू गेल्यावर मला ते हसू फार आठवलं.

मग मला संशय यायला लागला. संध्याकाळी मी कामावरचं काही सांगत असले की तू नुसतं "हं" म्हणायचीस, डोळे पडद्यावर. एकदा मी लवकर घरी आले. कम्प्युटर बंद, तू खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी मॉनिटरच्या मागे हात लावला. गरम. "दिवसभर खेळलीस ना?" "नाय गो बाय, मी कशाला हात लावते?" जन्मात कधी शिळी मासळी ताजी म्हणून विकली नाहीस, आणि माझ्याशी खोटं बोललीस. मी खेळ उघडून पाहिला. सर्वांत जास्त गुणांच्या पहिल्या दहा आकड्यांत माझा एकही उरला नव्हता. मग तोंडाला येईल ते बोलले. या वयात शोभतं का, असंही बोलले. तू एवढंच म्हणालीस, "दिवस जातो गो माझा."

दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं की नेटची लाइन गेलीय, माणूस येईल तेव्हा येईल. रोज सकाळी तू विचारायचीस, "आली का गो लाइन?" आठवडाभर विचारलंस, मग विचारायचं सोडलंस. प्लास्टर निघेपर्यंतचे तीन आठवडे त्या खिडकीपाशी बसून काढलेस. काठी टेकत गावी परत गेलीस, आणि त्या वर्षी पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा समुद्रात उतरायच्या आधीच गेलीस.

खेळानेच तुला माझ्यापासून ओढून नेलं, असं मी इतकी वर्षं धरून बसले. आता तो सगळीकडून तपासून झाला, त्यात तसलं काही सापडत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. लाइन गेली नव्हती, आई. नेटची वायर काढून, पर्समध्ये घालून मी ती रोज कामावर न्यायचे. तुझ्या डोळ्यांची काळजी वगैरे काही नव्हती. दिवसभर घरात एकटी ठेवलेली माझी आई संध्याकाळी माझी वाट बघत नाही, हे मला सहन झालं नव्हतं.