चुरगळलेल्या पेपरातलं नाव

एर्लांगेन, जर्मनी, मंगळवार १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

पुण्याहून भाजणीचं पार्सल आलं. भोवती गुंडाळलेला चुरगळलेला पेपर बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेहमीसारखा गुडघ्यावर सपाट केला. त्यांना दिसेनासं झाल्यापासून असे पेपर मीच वाचून दाखवायचे. निधनवार्ता तेवढ्या गाळून. इतक्या लांब बसून त्यांनी त्या कशाला ऐकायच्या?

आल्झो, म्हणजे इथल्या जर्मनमध्ये 'तर', चूक माझीच. मजकूर वाचून दाखवणारं ॲप त्यांच्या फोनवर गेल्या आठवड्यात मीच घातलं. ते काहीच गाळणार नाही, हे सुचलंच नाही. आज त्याने एकसुरी आवाजात त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राचं नाव वाचलं. मग वय, मुलगे, सुना, नातवंडं. सगळं.

"बाबा, मी ते मुद्दाम..."

"माहीत होतं गं. निधनवार्ता आल्या की तुला नेमका चहा आठवायचा."

मी नक्की कुणाला जपत होते?

बराच वेळ ते त्या चुरगळलेल्या पेपरवरून हात फिरवत राहिले. मग फोन बाजूला ठेवून म्हणाले, "औषधांचे कागद याला वाचू दे. पेपर तूच वाचत जा. मध्येच चहाला उठलीस तरी चालेल."