खोकल्यासाठी राखलेली जागा

नाशिक, रविवार दुपार
(उज्वला माहेरी गेली आहे, म्हणून पत्र लिहिण्याइतकी शांतता आहे. माझ्या वाजवण्याला कंटाळून गेली असं कोणी सांगितलं, तर ते निम्मंच खरं धरावं.)

तीर्थरूप निवृत्तीमामांच्या पायांशी भाचा संतोषचा दंडवत.

तुमची तब्येत, गुडघे आणि द्राक्षबाग ठीक असतील अशी आशा करतो. (क्रम चुकला असल्यास बाग आधी वाचावी.) तुम्ही पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला साफ नाही म्हणालात, असं तुमच्या दीपककडून कळलं. मामी गेल्यावर कसला सोहळा, असं म्हणालात म्हणे. त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही काढणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. संतोषने पन्नाशीत सॅक्सोफोन घेतला, अशी जी बातमी नातेवाइकांत फिरते आहे ती खरी आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही हसत सुटता आणि मुद्दा राहून जातो.

मयुरेश नावाचा पुण्याचा एक मुलगा मला मोबाईलवरून शिकवतो. वय माझ्या निम्मं, पण ‘संतोषजी’ म्हणून असा झापतो की अंबडच्या कारखान्यातल्या आमच्या साहेबांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. त्याची पद्धत अशी: एखाद्या मोठ्या जॅझवाल्याने ऐनवेळी मनाने वाजवलेला तुकडा, म्हणजे सोलो, आपण कानाने ऐकायचा, आधी तोंडाने गायचा, मग एकेक सूर कागदावर उतरवायचा आणि मग वाजवायचा. म्हणजे त्या माणसाने एकदा सहज जे केलं, ते आपण सहा महिने घाम गाळून करायचं. आणि शेवटी गुरू म्हणणार, आता हे विसरा आणि स्वतःचं वाजवा. मला लिहिता येतं ते भजनी मंडळातलं सारेगम, म्हणून सूर पेटीवर शोधून उतरवले. तेच सॅक्सोफोनवर वाजवले तर भलतेच निघाले. वाद्य सदोष आहे म्हणून मी दुकानदाराशी जाऊन भांडलो (मी तपासनीस, माल परत करणं हाच माझा धंदा). मग मयुरेशने सांगितलं की या जातीच्या सॅक्सोफोनवर पांढरी एकचा सूर वाजवला की पेटीची काळी दोन ऐकू येते, तो जन्मतःच तसा आहे. असा माल आमच्या कंपनीने गेटवरूनच परत पाठवला असता.

गाण्याचा सराव मी स्कूटरवर करतो. द्वारका चौकातल्या सिग्नलला एक अख्खा सोलो बसतो. परवा शेजारच्या रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, “काका, बरं वाटत नाय का?” वाजवण्याचा सराव घरी. आपल्या लोकांनी हे वाद्य फक्त वरातीत ऐकलेलं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात खालचे बाळाजीपंत पेढे मागायला आले. वेदिकाचं लग्न ठरलं आणि आम्हाला पत्ता नाही, अशी त्यांची तक्रार होती. पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती तेव्हापासून माझ्याशी मोजकं बोलते.

सोलो निवडताना मी तुमचीच कॅसेट काढली. आठवते ना? ओझरच्या कारखान्यातल्या त्या गोव्याच्या साहेबांकडून मूळ कॅसेट एका दिवसापुरती आणलीत, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवलेत आणि अख्ख्या घराला गप्प बसवून तिची नक्कल केलीत. पुढे ती ट्रॅक्टरवर वाजायची. जॅझ ऐकत फवारणी झालेली दिंडोरीतली एकमेव बाग तुमची असावी. तर त्या कॅसेटमधल्या मी निवडलेल्या सोलोत एके ठिकाणी ढोलाचा दबका ठोका पडतो आणि वादक दोन मात्रा चक्क गप्प राहतो. इतकं गप्प राहायला छाती लागते, असं मी मयुरेशला कळवलं. पुढे झांजेचा एक नाजूक स्पर्श आहे, तोही टिपला. शेवटचा सूर खाली घसरत जातो, ती घसरण ओठात बसवायला मला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेळ लागला.

मयुरेशने माझं ऐकलं आणि मूळ सोलो स्वच्छ आवाजात पाठवला. मामा, त्यात ठोका नाही, विराम नाही, झांज नाही, घसरणही नाही. घसरण म्हणजे साहेबांची कॅसेट वाजवणाऱ्या टेपचे सेल उतरले होते. वेदिकाचे हेडफोन लावून तुमची नक्कल पुन्हा ऐकली. ठोका म्हणजे तुम्ही खोकलात. त्या दणक्याने रेकॉर्डरने क्षणभर बाकीचा आवाजच दाबून टाकला. आणि झांज म्हणजे कुसामामीच्या बांगड्या. चहा घेऊन आली असणार, तुम्ही हातानेच थोपवलं असणार, आणि ती मागे फिरली असणार. मला रडू आलं. उज्वलाला सांगितलं, ओठ दुखतोय.

मयुरेश म्हणतो, मूळ ऐकून दुरुस्त करा. केसाएवढ्या फरकाने माल नाकारणाऱ्या मी आयुष्यात पहिल्यांदा सदोष माल पास केला. जसं उतरवलं तसंच वाजवतो.

दीपकला आशीर्वाद. तब्येतीला जपावे.

तुमचा,
संतोष

ता. क. सोसायटीने आता मला घरात वाजवायला बंदी केली आहे. तुमच्या पॅकिंग शेडची किल्ली मिळाली तर बरं होईल. द्राक्षं तक्रार करत नाहीत.

ता. क. २. पंचाहत्तरीबद्दल पत्रात लिहिणार नव्हतो. हा ताजा कलम आहे, पत्र नव्हे. वर्षश्राद्ध झालं, आता हो म्हणा. मंडप नको, सत्कार नको, घरचीच माणसं बोलवा. जेवणाआधी पाच मिनिटं मला द्या. त्या दोन मात्रांत मी काही वाजवत नाही. तिथे तुम्ही खोकायचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. डॉक्टरांचं खोकल्याचं औषध त्या दिवशी दुपारनंतर घ्यावं.

ता. क. ३. बांगड्यांच्या जागी काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. तिथे मी नुसता थांबेन. त्या वेळी मला हाताने थोपवू नका.